हाकेला ओ

"घरी असते" आणि "घरीच असते" यांत एका अक्षराचा फरक. सध्या काय करता, असं कुणी विचारलं की माझ्या तोंडून नेहमी दुसरंच वाक्य बाहेर पडायचं. त्या 'च'कडे माझं लक्षही नव्हतं. एकदा थोरलीच्या मैत्रिणीच्या आईशी बोलताना असंच म्हणून गेले, तर शेजारी उभी असलेली थोरली म्हणाली, "घरीच कुठं? आई मशीनवर असते." सात वर्षांच्या मुलीच्या हिशेबी मशीन हे घराबाहेरचं ठिकाण होतं. तिचं फारसं चुकलंही नव्हतं. मशीन खिडकीपाशी आहे, दारातून सरळ दिसतं. पण मी त्यावर बसले की माझ्यापर्यंत पोहोचायला दोन-तीन हाका लागतात, हे ती अनुभवानं शिकली होती.

तर मी शिवते, शिवलेल्याबद्दल ब्लॉगवर लिहिते आणि उरलेल्या वेळात दोन मुलांची आई असते. हे वाक्य ऐकायला बरं वाटतं म्हणून ठेवलंय. खरा क्रम बरोबर उलटा आहे.

ओळखीच्या बायका कौतुकानं म्हणतात, "फावल्या वेळात किती करतेस गं!" या फावल्या वेळाची आणि माझी अजून गाठ पडायची आहे. मला वेळ ताग्यानं मिळत नाही, कातरणांनी मिळतो. धाकटा रंगवत बसला की बारा मिनिटं. दोघं शेजारी खेळायला गेली की पाऊण तास, पण तो आधी सांगून येत नाही. आणि कातरणांचंच शिवायचं तर बेतही कातरणांच्या मापानं करावा लागतो. हे कळायला मला दोन वर्षं लागली. सुरुवातीला मी ताग्याचा बेत केला होता. रंगीत पेनांनी आठवड्याचा तक्ता: इतके ते इतके शिवण, इतके ते इतके लिखाण. चौथ्या दिवशी धाकट्याला ताप आला. तक्ता पुढे वर्षभर कपाटाला चिकटलेला होता. काढला तेव्हा पाठकोऱ्या बाजूवर धाकट्यानं आगगाडी काढली. तक्त्याचा तेवढा उपयोग झाला.

ज्या बाईंकडे मी शिवण शिकले, त्यांचा पहिला धडा टीप घालण्याचा नव्हता, उठण्याचा होता. "उठायचंय ना? आधी सुई कापडात खाली. मग हात बाजूला. मग खुर्ची मागे." आम्ही मुली हसायचो, उठायला काय शिकवायचं? पण त्यामागचं कारण अगदी यंत्राच्या पोटातलं आहे. मशीनचा टाका दोन दोऱ्यांचा असतो. वरचा दोरा सुईबरोबर कापडाखाली जातो, सुई वर यायला लागली की त्याचा छोटा फास तयार होतो, खाली फिरणाऱ्या शटलची चोच तो फास पकडते आणि बॉबिनच्या, म्हणजे खालच्या छोट्या रिळाच्या, दोऱ्याभोवती फिरवून आणते. मग दोन्ही दोरे कापडाच्या जाडीत कुठंतरी एकमेकांत अडकतात. सुई खाली असताना थांबलं तर कापड जागचं हलत नाही. तासाभरानं येऊन बसलात तरी पुढचा टाका मागच्याच रेषेत पडतो. कॉलरचा कोपरा वळवतानाही हेच: सुई खाली, कापड दाबून धरणारा फूट वर, कापड फिरवा, फूट खाली. सुई वर असताना उठलात की परत आल्यावर रेष दोन सुतं तरी सरकलेली सापडणारच.

पण त्याच बाईंच्या धड्याचा दुसरा भाग मी आई झाल्यावर शिकले. खाली असलेली सुई शहाणी, पण तिच्यासकट कापड ओढणारी बाई वेडी. पलीकडून काहीतरी आपटल्याचा आवाज येतो, पाठोपाठ "आई!", आणि आपण मांडीवरचं सगळं भिरकावून उठतो. कापड खेचलं जातं, त्याच्याबरोबर सुई तिरकी होते. ती वाकल्याचं तेव्हा कळतही नाही. परत येऊन पेडल दाबलं की सुई भोकात उतरण्याऐवजी खालच्या पत्र्यावर आदळते. टक्. साध्या सुती कापडाला मी ९०/१४ नंबरची सुई वापरते. त्यातले ९० म्हणजे तिची जाडी, ०.९ मिलिमीटर. पुरता एक मिलिमीटरही नाही. तेवढ्या पोलादाला किती सोसवणार?

तुटलेल्या सुईबाबत घरात एकच कडक नियम आहे. सगळे तुकडे सापडल्याशिवाय मी उठत नाही आणि कुणी अनवाणी खोलीत यायचं नाही. तेव्हा मात्र कुणाच्याही हाकेला ओ मिळत नाही. टोकाचा तुकडा तीळभर असतो, तो गालिच्यात किंवा शिवलेल्या कपड्याच्या दुमडीत जाऊन बसतो, आणि कपडे तर मुलांचेच. तयार कपड्यांच्या कारखान्यांत सुई तुटली की सगळे तुकडे शोधून, जुळवून, नोंदवहीत चिकटवून ठेवायची पद्धत असते. हे वाचलं तेव्हा मला फार आवडलं. मीही थोरलीची एक अर्धी कोरी वही घेतली आणि पहिली सुई त्यात चिकटपट्टीनं लावली. शेजारी तारीख. त्याखाली, काय शिवत होते. आणि शेवटी, कारण.

माझं लिखाण सुरू झालं ते या वहीतून. आधी कारणं एका शब्दाची होती. "टाचणी." "जाड शिवण." "जीनच्या कापडाला साधी सुई." मग "हाक." पुन्हा "हाक." एके दिवशी एका शब्दानं समाधान होईना, म्हणून मी लिहिलं की हाक का आली होती, मी गेले तेव्हा काय दिसलं, आणि पांढऱ्या शर्टाचं पुढे काय झालं. ते पानभर झालं. नवऱ्यानं वाचलं आणि म्हणाला, "हे कुठंतरी टाक की." मी म्हटलं, "तुटलेल्या सुयांवर कोण वाचणार?" ज्यांच्या सुया तुटतात अशा बऱ्याच बायका आहेत, हे नंतर कळलं.

ब्लॉग या शब्दाची गोष्टही शिवणकामाचीच वाटते. मूळ शब्द 'वेबलॉग'. तो जॉर्न बार्गरनं १९९७ साली वापरात आणला. १९९९ मध्ये पीटर मेरहोल्झनं गंमत म्हणून तो भलत्याच जागी फोडला, 'वी ब्लॉग', आणि उरलेला तुकडाच रूढ झाला. म्हणजे शिवण सोडून दुसरीकडेच उसवलं, तरी कपडा अंगावर बसला! त्यातला 'लॉग' तर त्याहून जुना, गलबतांवरचा. गाठी मारलेल्या दोरीला लाकडाचा तुकडा बांधून पाण्यात टाकायचा, ठरलेल्या वेळात किती गाठी हातातून सुटल्या ते मोजायचं, आणि तो वेग वहीत मांडायचा. गाठी, दोरी आणि वही. माझ्याकडेही एवढंच भांडवल आहे, समुद्र तेवढा नाही.

सगळी कामं सारखी तुटत नाहीत, हे मला त्या वहीनं शिकवलं. हाका दिवसभर येतात, पण नुकसान ठरावीक ठिकाणीच होतं. हातशिलाई कुठंही सोडा, कुठंही धरा. काठाची दुमड, हुक, बटणं ही कामं मी मुलांच्या मध्ये बसून, धाकट्याचे पाढे ऐकत करते. मशीनची टीप हाकेपुढे पाच-दहा सेकंद तग धरते. बेतणं मात्र एक क्षणही सोसत नाही. टीप चुकली तर उसवता येते. कात्री चालली की चालली. उसवायला शब्द आहे, कापलेलं परत जोडून पूर्ववत करायला नाही. फार तर ठिगळ.

याची फी मी एकदा पुरेपूर भरली आहे. थोरलीचा फ्रॉक होता, कापड जेमतेम. बाहीचा वरचा गोल पुढे थोडा जास्त खोल असतो, मागे कमी, कारण हात पुढे जास्त हलतात. म्हणून डावी आणि उजवी बाही एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात. कापड भरपूर असलं की ते दुहेरी घालून दोन्ही एकदम कापायच्या, चूक होऊच शकत नाही. माझ्याकडे दोन वेगवेगळे तुकडे होते, म्हणून एकेक कापत होते. एक बाही कापली. आता कागद पालथा घालून दुसरी. तेवढ्यात न्हाणीघरातून, "आई, झाऽऽलं!" गेले, आले, कागद ठेवला, कापला. संध्याकाळी जोडायला घेतल्यावर लक्षात आलं की माझ्या लेकीला दोन डावे हात आहेत. छापील कापड, उलटं करून चालणार नव्हतं. फ्रॉक बिनबाह्यांचा झाला. "हात मोकळे राहतात," म्हणून तिला तोच जास्त आवडला, आणि दोन डाव्या बाह्या अजून माझ्या टोपलीत आहेत. टाकवत नाहीत.

तेव्हापासून मी बेतते फक्त रात्री, सगळे झोपल्यावर. जेवणाचं टेबल पुसून कोरडं करायचं, खडू, टेप, कात्री, आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत. एका रात्री तीन कपडे बेतून, जोड्या जोड्या टाचून, पिशव्यांत भरून ठेवते. मग आठवडाभर कातरणांच्या वेळात फक्त टीप.

लिखाणाची हीच वाटणी करता येईल असं वाटलं होतं. थोडी करता येते. शुद्धलेखन, फोटो लावणं, कुणी मापाबद्दल विचारलेलं असतं त्याला उत्तर देणं ही लिखाणाची हातशिलाई. पण पहिलं लिहिणं म्हणजे थेट बेतणं. तिथे हाक आली की वाक्य नुसतं थांबत नाही, ते कुठं निघालं होतं तेच पुसलं जातं. यावर माझा एकच उपाय आहे: उठताना वाक्य मुद्दाम अर्धं ठेवायचं. पूर्णविराम देऊन उठलं की परत आल्यावर कोरी भिंत समोर येते. मध्येच तुटलेलं वाक्य परतल्यावर स्वतःच पुढे ढकलतं. लिखाणातली ती खाली ठेवलेली सुई. ब्लूमा झैगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ साली आपले प्रयोग छापले होते: मध्येच तोडलेली कामं माणसांना पुऱ्या केलेल्या कामांपेक्षा जास्त आठवतात. नंतरच्या सगळ्या प्रयोगांत ते तसंच आढळलं असं नाही. माझ्या घरात आढळतं. अडचण एवढीच की अर्धवट राहिलेलं वाक्य मी पाढे ऐकतानाही डोक्यात घेऊन फिरते, आणि धाकट्याला ते बरोबर कळतं. "आई, तू ऐकत नाहीयेस. मी सात सक पन्नास म्हटलं."

याचं वाईट वाटतं. कारण शिवताना मी कमी असते हे मुलांना दिसतं तरी. मशीनचा आवाज असतो, पाठ दिसते. लिहिताना मी समोर बसलेली असते, डोळे उघडे, मान हलवणारी, आणि नसते. हे जास्त फसवं आहे. म्हणून आता लिहायला बसले की मी सांगते, "मी आता इथे नाही." थोरलीला हे पटतं. धाकटा विचारतो, "मग केव्हा येणार?" आणि काटा बोटानं दाखवावा लागतो.

माझी आई शिवायची ते हाताचं मशीन होतं. उजवा हात चाक फिरवण्यात अडकलेला, कापड सांभाळायला एकटा डावा. लांब टीप असली की ती मला चाकापाशी उभं करायची. "हळू. अजून हळू. थांब." मी थांबले की मशीन त्याच टाक्यावर थांबायचं. तेव्हा मी तिच्या कामात अडथळा नव्हते, तिचा उजवा हात होते. विजेच्या मशीनला तिसरा हात लागत नाही. धाकटा दीड वर्षाचा असताना मदतीला म्हणून टेबलाखाली गेला आणि पेडलवर बसला. सुदैवानं सुईखाली कापडाशिवाय काही नव्हतं. त्या दिवसापासून उठताना सुई खाली, आणि बटण बंद.

मोटार घेताना मला वाटलं होतं, आता वेळ वाचेल. वाचतोही. १९ व्या शतकात व्हीलर अँड विल्सन या मशीन बनवणाऱ्या कंपनीनं आकडे छापले होते: पुरुषाचा एक सदरा हातानं शिवायला १४ तास २६ मिनिटं, मशीनवर १ तास १६ मिनिटं. विकणाऱ्याचे आकडे, तेव्हा थोडं सोडून द्या. तरी तेरा तासांच्या जवळपास सुटले म्हणायचे. ते गेले कुठे? सदरे वाढले, चुण्या वाढल्या, झालरी वाढल्या. आणि एकट्या शिवणाचीच ही गत नाही. जोअ‍ॅन व्हॅनेक या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७४ साली अमेरिकेतल्या जुन्या पाहण्या ताडून दाखवलं की नोकरी न करणाऱ्या गृहिणी १९२४ मध्ये घरकामाला आठवड्याचे सुमारे ५२ तास देत होत्या आणि १९६० च्या दशकात ५५. मध्ये वीज आली, धुण्याची यंत्रं आली, तास तीननं वाढले! हे वाचून मला हसूही आलं आणि हायसंही वाटलं. मोटार आल्यावर मीही मोकळी झाले नाही. उशांचे अभ्रे, बाहुलीचे कपडे, पडद्यांना गोट अशी नवी कामं काढून बसले. ती मला कुणी सांगितली नव्हती. त्यातली निम्मी केवळ लिहायला विषय हवा म्हणून केली, हेही कबूल करायला हवं.

फोटोंचं तर विचारूच नका. खिडकीशी मशीन, पांढऱ्या कापडावर कात्री, बाजूला गुंडाळलेला टेप. फोटोच्या चौकटीबाहेर हातभर अंतरावर न घडी केलेल्या कपड्यांचा ढीग, आणि त्यावर झोपलेला धाकटा. एकदा मी तो ढीग हलवायला गेले, तो जागा झाला, आणि उजेड जाईपर्यंत काहीच झालं नाही. पुढच्या वेळी ढिगासकट फोटो टाकला. कपड्यापेक्षा लोकांनी ढिगाबद्दलच जास्त विचारलं. तेव्हापासून ढीग हलवण्याचं काम माझ्या यादीतून कायमचं गेलं.

मी 'समतोल' हा शब्द लिहायचं टाळते. त्यात तराजू दिसतो, दोन्ही पारडी सारखी आणि काटा मध्ये. आणि माझ्या घरी तसा एकही दिवस उगवलेला नाही. मला जमतं ते एवढंच की हाक आणि ओ यांच्यामध्ये दोन सेकंद ठेवायचे. सुई खाली, हात बाजूला, खुर्ची मागे. तोवर हाकही ऐकून घ्यायची, कारण सगळ्या हाका एक नसतात. लांब "आऽऽई" म्हणजे तक्रार, भावंडाविरुद्धची. ती टीप संपेपर्यंत थांबू शकते, बहुतेक वेळा आपसांत मिटतेही. तुटक "आई" म्हणजे काहीतरी सांडलंय. आणि काहीच आवाज नसणं म्हणजे पेडलवरचा पाय ताबडतोब काढणं. थोरली आता नऊ वर्षांची आहे. तिला थांब म्हटलेलं चालतं. धाकटा तान्हा होता तेव्हा हे दोन सेकंद मी कधीच ठेवले नाहीत, आणि त्याबद्दल मोडलेल्या सुयांचं मला काही वाटत नाही. तेव्हा तेच बरोबर होतं.

नवरा आता रविवारी सकाळी दोघांना घेऊन बाहेर जातो. त्याचंच म्हणणं होतं, "तुला सलग तीन तास मिळू देत." पहिल्या रविवारी मी काय काय करायचं ते रात्रीच लिहून ठेवलं होतं. घर शांत झालं, मी बसले, टीप सुरू केली. दर पाच मिनिटांनी पाय आपोआप पेडलवरून उचलला जात होता. जिन्यात कुणी चढलं की मी थांबत होते. तासाभरानं सरळ रेषेत, भर उजेडात, डोळ्यांसमोर दिसत असलेल्या टाचणीवरून मशीन नेलं आणि सुई मोडली. वहीत लिहिलं, "कारण: टाचणी." खरं म्हणजे ते पुरेसं कारण नव्हतं, पण त्या दिवशी पानभर लिहायची इच्छा झाली नाही. दुसऱ्या रविवारी रेडिओ लावला. मग जमलं.

हा मजकूर नऊ बैठकांत झाला आहे. मध्ये कुठे कुठे उठले त्या जागा मला अजून दिसतात, तुम्हाला दिसू नयेत एवढीच इच्छा. उद्या थोरलीच्या शाळेत नाच आहे आणि तिचा घागरा अजून मांडीवर आहे. घेर चार मीटरचा. मशीननं काठ दुमडला तर टीप वर दिसते, म्हणून तो हातानंच करायचा होता. ती पलंगावर पडून पुस्तक वाचतेय, मध्येच पाय लांब करून मला ढोसते.

"झालं का गं?"

"झालंच."

वीतभर राहिलंय.